सरळ ओळीचा संशय

फौजदारिणीचा कशावरच विश्वास नव्हता, आणि पगारही तिला त्याचाच मिळत असे. एका संशोधन संस्थेतल्या चाचणी विभागाची ती प्रमुख होती. बाकीच्या विभागांतली हुशार माणसं नवनवे पदार्थ बनवायची, आणि ते पदार्थ तापल्यावर, निवल्यावर, आपटल्यावर, भिजल्यावर सांगितल्यासारखे वागतात की नाही, हे ती बघायची. लोकांनी आपलं बाळ कौतुकानं आणून दाखवावं आणि हिनं आधी त्याच्या कानामागे मळ आहे का ते बघावं, असला प्रकार. फौजदारीण हे नाव तिला कँटीनमध्ये कोणीतरी ठेवलं होतं. ते तिच्या कानावर आलं तेव्हा तिनं पहिलाच प्रश्न केला, "कोणी ठेवलं?" त्यावरून नाव किती बरोबर बसलंय याची सगळ्यांना खात्री पटली.

घरीही तेच. नवऱ्यानं भाजी आणली की ती पिशवी उलटी करून तळाची भाजी आधी बघायची. दुधाचा वास घ्यायची, मग नवऱ्याला घ्यायला लावायची. "लग्नाआधी मला तुमच्या त्या भट्टीत घालून बघायचं राहूनच गेलं तुझं," नवरा म्हणायचा. "अजून वेळ गेलेली नाही," ती म्हणायची. हा स्वभाव तिनं आईकडून घेतला होता. धाकटी बहीण मात्र भोळी, कोणीही काहीही सांगावं आणि तिनं मान डोलवावी, असं घरात सगळेच धरून चालले होते.

सध्या फौजदारिणीच्या टेबलावर होती ती एक गादी. गादी म्हणजे उशीएवढी, जाड प्लॅस्टिकची सीलबंद पिशवी. आत एक मीठ. जेवणातलं नव्हे, अंगाच्या उबेइतकं तापलं की वितळणारं. वितळताना ते ऊब पोटात घेतं, आणि पुन्हा गोठताना तीच ऊब सावकाश, एकाच पातळीवर धरून परत देतं. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या, स्वतःची ऊब स्वतःला राखता न येणाऱ्या बाळांसाठी ती बनवली होती. नर्सनं गादी गरम पाण्याच्या पेटीत ठेवून वितळवायची, पुसून खोळीत घालायची आणि वर बाळ ठेवायचं. मग वीज गेली तरी पुढचे काही तास काळजी नाही. खोळीच्या आत, बाळाच्या पाठीला लागेल अशी, शर्टाच्या बटणाएवढी एक चकती होती. ती तापमान मोजायची. संस्थेत सगळे तिला टिकली म्हणत. टिकलीची तार खाटेशेजारच्या डबीला जोडलेली, आणि डबी ते आकडे थेट संस्थेत पाठवायची. तिथे पडद्यावर त्या आकड्यांची ओळ उमटायची. ऊब कमीजास्त झाली तर डबी कोकलायची.

हे मीठ बनवणारे गृहस्थ म्हणजे वैद्यबुवा. खरे वैद्य नव्हेत, पदार्थविज्ञानाचे जुने संशोधक. पण मिश्रण एकजीव राहावं म्हणून त्यात कोणता चिकटा किती घातलाय हे ते अशा काही गूढ चेहऱ्यानं लपवायचे की दुसरं नाव शोभलंच नसतं. बोलायला अति गोड. फौजदारिणीला गोड बोलणाऱ्या माणसांचा विशेष वहीम असे.

लॅबमध्ये गादी तिनं स्वतः तपासली होती. तापवली, निववली, परत तापवली, परत निववली, इतक्या वेळा की पिशवीवरचं नाव पुसून गेलं. ओळ सरळ ती सरळच. मग चार गाद्या जवळच्या मोठ्या रुग्णालयात वापरून बघायला दिल्या. आणि नेमक्या त्याच सुमारास धाकटीला अवेळी कळा सुरू झाल्या.

धाकटीचा नवरा बोटीवर नोकरीला, तेव्हा भर समुद्रात. मूल एवढंसं, की फौजदारिणीनं काचेतून पाहिलं तेव्हा तिला आधी नुसतं फडकंच दिसलं. डॉक्टरांनी धाकटीला विचारलं, नवी गादी आली आहे, वापरायची का? धाकटीनं फोन लावला. "ताई, तुमचीच आहे म्हणे. ठेवू का हिला त्यावर?" आणि ज्या बाईनं आयुष्यात कशालाच पहिल्या झटक्यात हो म्हटलं नव्हतं, ती म्हणाली, "ठेव. मी स्वतः तपासलीय."

पहिले काही दिवस चारही ओळी सरळ आल्या. मग तीन बिघडल्या. आधी टेकाड, मग घसरगुंडी. म्हणजे गादी आधी नको इतकी तापत होती आणि मग वेळेआधीच गार पडत होती. डब्या कोकलल्या, नर्सनी त्या तिन्ही गाद्या काढून ठेवल्या, आणि सुदैवानं कोणत्याच बाळाला काही झालं नाही. चौथी ओळ मात्र पट्टीनं आखावी तशी. ती भाचीच्या गादीची होती.

साहेबांनी, म्हणजे संस्थेच्या प्रमुखांनी, दोघांना बोलावून घेतलं. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त प्रत्येक गोष्ट लवकर व्हायला हवी असे.

"लॅबमधली ओळ सरळ," साहेब बोटांवर मोजत म्हणाले. "तुमच्या भाचीची ओळ सरळ. बिघडल्या त्या तिघींचं काय? पाणी नीट तापवलं नसेल, वेळ पाळली नसेल. नर्स लोकांना कामं थोडी असतात का? उद्या दुपारी बाहेरची मंडळी येतायत, बऱ्याच रुग्णालयांची. मोठ्या पडद्यावर मी चौथी ओळ चालू ठेवणार आहे. नीट वापरली की गादी कशी वागते, ते बघा म्हणावं. तुमची सही झाली की गाद्या रवाना."

"आणि नाही झाली तर?"

"मॅडम, तुमची स्वतःची भाची त्यावर झोपलीय. याहून मोठी चाचणी कोणती?"

वैद्यबुवा हसले. "बाळ कसंय आता? वजन वाढतंय ना?" ते रोज विचारत. मांजरानं दुधाची चौकशी करावी, तसं फौजदारिणीला वाटलं.

"उद्या सांगते," ती म्हणाली.

वाईट ओळीचा संशय कोणालाही येतो. फौजदारिणीला चांगल्या ओळीचा आला. एकाच कढईतून चार भजी काढली, तीन कच्ची निघाली आणि आपल्या ताटातलं तेवढं खुसखुशीत, तर हुशार माणसानं आनंद मानू नये, वाढणाऱ्याच्या तोंडाकडे बघावं. ती गादी कोणाच्या बाळाखाली आहे हे वैद्यबुवांना ठाऊक होतं. रुग्णालयातून येणारे आकडे आधी त्यांच्याच संगणकावर येत आणि मग सगळ्यांच्या पडद्यावर जात. डबीनं कधी कोकलायचं आणि कधी गप्प बसायचं, हेही तिथूनच ठरवता येत होतं. सही करणाऱ्या बाईचं तोंड बंद करायला तिच्या भाचीची ओळ सरळ करण्याइतका सोपा उपाय दुसरा नव्हता. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते मुरत असेल तर तिची एवढीशी भाची गार पडत जाणाऱ्या पिशवीवर झोपली होती, मावशीच्या शब्दावर.

तिनं जिन्यातूनच धाकटीला फोन केला.

"गादी गार लागते का गं मध्येच? किंवा एकदम गरम?"

"नाही गं. का? ओळ बिघडली का?"

"ओळ सरळ आहे."

"मग झालं तर," धाकटी म्हणाली. तिचा आवाज दमलेला होता.

"ते जाऊ दे. आत्ताच्या आत्ता ती गादी काढायला सांग. नर्सना सांग, मी सांगितलं म्हणून."

"बरं. काढली समज."

"समज नको. काढ."

"काढली ताई. नाहीये बाळाखाली. शपथ."

त्या वॉर्डात फक्त बाळांच्या आयांना आत सोडत, बाकीच्यांनी काचेबाहेर उभं राहायचं, तेही डॉक्टरांची लहर असेल तेव्हा. फौजदारिणीनं शब्दावर समाधान मानलं. तिला ते अजिबात जमत नसे, पण आपल्या धाकट्या बहिणीवरही संशय घ्यायचा म्हणजे माणसानं जगायचं तरी कसं?

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा हातात घेऊन तिनं घरच्याच संगणकावर पडदा उघडला. चौथी ओळ चालू होती. सरळ. कालच्या संध्याकाळपासून आत्तापर्यंत, तशीच, सदतीस अंशांच्या आसपास, गाढ झोपल्यासारखी.

"गादी काढलीय आणि ओळ चालूच आहे," ती नवऱ्याला म्हणाली.

"मग कोणीतरी काढतंय ती ओळ," नवरा पेपरातून मान वर न करता म्हणाला. तो थट्टेनं बोलला होता, पण तिनं चहा तसाच ठेवला आणि चपला पायात सरकवल्या.

संस्थेत कोणी आलेलं नव्हतं. रखवालदार म्हणाला, वैद्यबुवा तर रोजच सगळ्यांच्या आधी येतात, नमुन्यांच्या खोलीत असतील. रोजच? फौजदारिणीला हे नवीन होतं. ती पाय न वाजवता गेली. दार अर्धवट उघडं होतं. वैद्यबुवा पाठमोरे, बाह्या वर केलेल्या, आणि कपाटातल्या सगळ्या लॅबच्या गाद्या टेबलावर काढलेल्या. ते एकेक उचलत होते आणि तिच्याशी काहीतरी करत होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण या चोराला कसलीच भीती दिसत नव्हती. तो गुणगुणत होता.

"बदलताय वाटतं?" ती दारातून म्हणाली.

वैद्यबुवा दचकले नाहीत. "या, या. काय बदलतोय?"

"नमुने. जुन्या काढून नव्या ठेवताय. म्हणून लॅबची ओळ कधी बिघडत नाही."

"अहो बाई, नाही हो! मळतोय."

"काय?"

"मळतोय गाद्या. हे बघा." त्यांनी एक गादी दोन्ही तळव्यांखाली घेतली आणि कणीक तिंबावी तशी तिंबून दाखवली. आतलं मीठ पिशवीत या टोकाचं त्या टोकाला गेलं. "रात्रभर पडून राहिली की खाली जरा गाळ बसतो, वर पाणी येतं. हलवलं की परत एकजीव. टिकली चिकटवायच्या आधी हवेचे बुडबुडे काढायला हवेत म्हणून तुम्हीच तर सुरू केलंत हे."

"मी?"

"तुम्ही. तुमचा विभाग. सगळेच मळतात. भट्टीजवळ उभं राहून गप्पा मारताना हात रिकामे कशाला, म्हणून मळतात. साहेब परवा फोनवर बोलताना मळत होते. मी फक्त सकाळी एकदा सगळ्यांना हात फिरवतो, तुम्हाला सोपं जावं म्हणून."

फौजदारीण जवळच्या स्टुलावर बसली. तिनं आपल्या हातांकडे बघितलं. त्या हातांना ते मळणं चांगलंच माहीत होतं. गादी हातात आली की तिचे अंगठे आपोआप कोपऱ्यात जायचे, आतला गोळा शोधायचे, फोडायचे. बरं वाटायचं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधण्यात तिचं आयुष्य गेलं, आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ रोज दोन्ही हातांनी ती तिंबत होती.

"वैद्यबुवा," ती हळूच म्हणाली, "रुग्णालयात कोण मळतं?"

वैद्यबुवांचे हात थांबले.

"तिथे नर्स गादी पेटीतून काढते, पुसते, खोळीत घालते. मळायला तिला कोणी सांगितलंय? आपण कुठे लिहिलंय? आपल्याला स्वतःलाच माहीत नव्हतं की आपण मळतो. मीठ खाली बसतं, पाणी वर येतं. खालचं मीठ मग वितळतच नाही, ऊब पोटात घेणारं काही उरत नाही. म्हणून आधी चटका, मग गारवा. त्या तिन्ही ओळी खऱ्या आहेत. नर्सांची काही चूक नाही. गादीच वाईट आहे."

म्हाताऱ्यानं हातातली गादी टेबलावर ठेवली. "माझा चिकटा धरतो," तो पुटपुटला. "धरायला हवा होता."

तिला क्षणभर त्याची कीव आली. पण चौथी ओळ अजून हिशेबात बसत नव्हती, आणि कीव करायला नंतर वेळ मिळाला असता. "मग माझ्या भाचीची ओळ कशी सरळ? तिची गादी काय आभाळातून पडली? काल संध्याकाळी ती काढायला लावलीय मी. तरी ओळ चालू आहे. कोण काढतंय ती, वैद्यबुवा?"

"मी नाही."

"आकडे आधी तुमच्याकडे येतात."

"येतात. आणि मी त्यांना हात लावत नाही," वैद्यबुवा म्हणाले, आणि मग खाली बघून, "म्हणजे, थोडा लावतो."

"थोडा म्हणजे?"

"प्रोग्राम लावतो. गादी पेटीत तापायला गेली की तेवढा तुकडा तो आपोआप कापतो. आणि बारीकसारीक बुड्या येतात, बाळाला उचललं, कपडे बदलले, त्या झाडून टाकतो. सगळ्यांच्याच ओळींना लावलाय. तुमच्या भाचीच्याच नाही."

"न झाडलेली ओळ दाखवा."

वैद्यबुवांनी संगणक उघडला. दोघं शेजारी बसली. मूळ ओळ पडद्यावर आली तेव्हा पहिल्यांदा तीही सरळच वाटली. मग फौजदारिणीनं ती मोठी करून बघितली. तिच्यात अधूनमधून लहानशा बुड्या होत्या. थोडा वेळ खाली, मग परत वर, आपोआप, पहिल्याच जागी.

"गार पडलेली गादी आपोआप वर कशी येईल?" ती म्हणाली.

"नाही येणार. पेटीत घातल्याशिवाय नाही."

"पेटीत गेल्याची खूण दाखवा."

वैद्यबुवांनी शोधली. मागे गेले, अजून मागे गेले, चष्मा पुसून परत शोधली. अगदी सुरुवातीच्या दिवसांत खुणा होत्या. त्यानंतर एकही नाही. ज्या गादीची ऊब काही तासांत संपायला हवी ती त्यानंतर एकदाही पेटीत गेली नव्हती, आणि तरी कधी निवली नव्हती.

"बाई," वैद्यबुवा म्हणाले, "असा पदार्थ मला माहीत नाही. असता तर मी कशाला हे मीठ घोटत बसलो असतो?" त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. साधी, शाळकरी पोरासारखी उत्सुकता होती. इतकी वर्षं ज्याच्यावर वहीम घेतला त्या माणसाचा तिला नाइलाजानं विश्वास वाटू लागला, आणि ते तिला मुळीच आवडलं नाही. कारण मग उरलं कोण?

ओळी चाळता चाळता दुपार होत आली होती. ती रिक्षानं रुग्णालयात गेली. वॉर्डाच्या दारात नर्सबाईंनी अडवलं. फौजदारिणीनं संस्थेचं ओळखपत्र पुढे केलं आणि म्हणाली, "चाचणीसाठी आलेय. चौथी गादी बघायचीय." नर्सबाईंचा चेहरा एकदम बदलला. त्यांनी एकदा आत बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि मग काही न बोलता हात धुवायला लावले, अंगावर घालायला झगा दिला.

धाकटी खिडकीशी एका खुर्चीत अर्धवट रेलून बसली होती. खाट शेजारी रिकामी. धाकटीच्या अंगावर सैल झगा, आणि झग्याच्या आत, उघड्या छातीला चिकटून, बेडकाच्या पिल्लासारखं हातपाय मुडपलेलं बाळ. फक्त टाळू दिसत होती. झग्याच्या गळ्यातून एक तार बाहेर आली होती आणि खाटेशेजारच्या डबीत गेली होती.

फौजदारीण तारेकडे बघत राहिली. तिला सगळं कळलं, पण कळल्यावर काय करायचं ते सुचेना.

"गादी कुठे आहे?"

धाकटीनं डोळ्यांनीच खाटेखाली दाखवलं. फौजदारिणीनं वाकून गादी ओढून काढली. वरच्या बाजूला नुसतं पाणी डुचमळत होतं. तळाशी मीठ बसून वाळूसारखं घट्ट झालं होतं.

"कधीपासून?"

"सुरुवातीपासूनच म्हण ना," धाकटी म्हणाली. "एकदा पाठीखाली हात घातला तर गार लागली. मग तापवून आणली तर एका कोपऱ्यात चटका बसेल इतकी गरम. मी म्हटलं, नको. हिला अंगावरच घेते."

"आमचंही तेच म्हणणं असतं," नर्सबाई मध्येच म्हणाल्या. "आईच्या अंगासारखं काही नाही. पण डबी कोकलायला लागली, सगळी बाळं जागी व्हायला लागली, तेव्हा यांनी ती टिकली आपल्या आणि बाळाच्या मधे ठेवली. मग मलाही बरं पडलं, बाळाची ऊब कळते. तुम्हाला कळवणार होते मी. यांनी शपथ घातली."

"शपथ कशाला?" फौजदारीण बहिणीकडे वळली. "मला का नाही सांगितलंस? मी रोज विचारत होते!"

"तू रोज विचारत नव्हतीस. तू रोज सांगायचीस, ओळ सरळ आहे म्हणून. आणि ते सांगताना तुझा आवाज इतका खूश असायचा ताई, की..." धाकटीनं बाळाच्या टाळूवर हनुवटी टेकवली. "तू म्हणाली होतीस, मी स्वतः तपासलीय. ते खोटं ठरलं असतं तर तुला काय वाटलं असतं? तुझी नोकरीच ती. म्हणून मी ठरवलं, ओळ सरळ ठेवायची."

"आणि काल? काल मी गादी काढ म्हटलं तेव्हा?"

"काल तू गादीचं म्हणालीस. ओळीचं नाही."

फौजदारिणीला हसू आणि रडू एकदम आलं. "आणि झोपतेस कधी?"

नर्सबाई बोलल्या. "झोपतात कुठे? अशाच रेलून डोळा लागला तर लागला. कूस बदलत नाहीत. न्हाणीघरात जातात तेवढ्यापुरत्या उठतात, तेव्हाच बाळ माझ्याकडे."

त्या बुड्या. वैद्यबुवा ज्या झाडून टाकत होते त्या. फौजदारिणीनं बहिणीच्या डोळ्यांखाली बघितलं, तिच्या आखडलेल्या मानेकडे बघितलं. ज्या ओळीचं कौतुक सगळी संस्था करत होती ती इथे, या खुर्चीत, न हलता आखली जात होती. आणि ती आपल्याला खूश ठेवायला. तिला बहिणीचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

"गाढवे," ती म्हणाली. "तुला कळतंय का तू काय केलंस? तुझी ओळ आत्ता तिकडे साहेब मोठ्या पडद्यावर लावतायत, बाहेरून येणाऱ्या लोकांना दाखवायला. ती बघून शंभर ठिकाणी या गाद्या जाणार. तिथल्या आयांना कोणीतरी सांगणार, ठेवा बाळ, तपासलीय. त्या ठेवतील. सगळ्या काही तुझ्यासारख्या हात घालून बघणार नाहीत."

धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. "मला काय माहीत ताई! मला वाटलं, ही एकच तर ओळ. तुझ्यापुरती."

"मलाही तेच वाटलं होतं. माझ्यापुरती." फौजदारीण तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. "ती टिकली काढ."

"आत्ता? साहेब बघत असतील ना? लोक आले असतील."

"म्हणून तर आत्ता."

धाकटीनं हात हलवला नाही. तेव्हा फौजदारिणीनं स्वतःच झग्याच्या गळ्यात बोटं घातली, बाळाच्या आणि आईच्या मधून ती चकती अलगद सरकवून काढली आणि खिडकीच्या लोखंडी गजावर टेकवून ठेवली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग डबी कोकलायला लागली. वॉर्डातलं एक बाळ रडलं, मग दुसरं. नर्सबाई डबीकडे धावल्या.

"राहू द्या," फौजदारीण म्हणाली. "वाजू द्या."

"अहो, पण बाळं उठतायत सगळी!"

"थोडाच वेळ. तिकडे पोचू द्या."

खिशातला फोन थरथरला. साहेब होते, आणि मागे पुष्कळ माणसांचे आवाज. "मॅडम, कुठे आहात? ओळ पडतेय! सगळ्यांसमोर पडतेय! तुमच्या भाचीला काही झालंय का?"

साहेबांनी ओळीच्या आधी भाचीचं विचारलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. पण विचारलं तरी होतं. "भाची छान आहे," ती म्हणाली. "ती गादीवर नाहीये. जवळजवळ पहिल्यापासून नाहीये. तुम्ही बघत होतात ती माझ्या बहिणीची ऊब होती. ती काढून घेतली, म्हणून ओळ पडतेय. गादी बाकीच्या तिघींसारखीच बिघडलेली आहे. सगळ्यांना नीट दिसू द्या. पडदा बंद करू नका. सही मी करणार नाही, आणि वैद्यबुवांना म्हणावं, लॅबमधल्या गाद्यांना आजपासून कोणी हात लावायचा नाही. मीसुद्धा."

साहेब काहीतरी म्हणत होते. तिनं फोन बंद केला, डबीची तार उपटली. वॉर्ड एकदम शांत झाला. नुसती बाळं रडत होती.

धाकटी रडत होती. "तुझी नोकरी जाईल."

"जाऊ दे. आता उठ. उठ म्हणते ना! त्या खाटेवर आडवी हो."

"आणि ही?"

फौजदारिणीनं झग्याचे बंद सोडले. तिला स्वतःचं मूल नव्हतं, आणि एवढंसं काही तिनं कधी उचललेलं नव्हतं. नर्सबाईंनी बाळ अलगद आणून तिच्या छातीशी ठेवलं, वरून पांघरूण ओढलं. बाळाला वजनच नव्हतं. ते जरा वळवळलं, नाक खुपसलं आणि गप्प झालं.

धाकटी बाळाच्या छोट्याशा खाटेवर मावेना, म्हणून नर्सबाईंनी तिला कोपऱ्यातल्या पलंगावर नेलं. "ताई, पाठ झाकलीय ना तिची? नीट बघ हं," ती झोपेत बुडता बुडता म्हणाली, आणि उत्तर ऐकायच्या आत घोरायला लागली.

फौजदारिणीनं पांघरुणाखाली हात घालून बाळाच्या पाठीला लावून बघितला. गरम होती. थोड्या वेळानं तिनं परत लावून बघितला. मग तिनं हात तिथेच ठेवला.